गाडी घेऊन ज्वालामुखीवर : रेयुनियनच्या पितों द ला फुरनेझची एका दिवसाची सफर, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मॉरिशसला दरवर्षी खूप मराठी माणसं जातात. तिथून विमानाने पाऊण तासावर असलेल्या रेयुनियन बेटावर मात्र फार थोडी उतरतात. या बेटावर पितों द ला फुरनेझ हा जिवंत ज्वालामुखी आहे आणि त्याच्या कड्यापर्यंत साधी भाड्याची गाडी जाते. ही सफर स्वतः गाडी चालवत करायची असेल, तर जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारले जातात त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

हा ज्वालामुखी नेमका कुठे आहे?

रेयुनियन हिंदी महासागरात, मादागास्करच्या पूर्वेला आणि मॉरिशसच्या नैऋत्येला आहे. बेट फ्रान्सचा अधिकृत भाग आहे, त्यामुळे चलन युरो आणि कायदे फ्रेंच. बेटाच्या मधोमध 3,070 मीटर उंचीचा पितों दे नेज हा झोपलेला ज्वालामुखी आहे आणि आग्नेयेला 2,632 मीटर उंचीचा पितों द ला फुरनेझ. हा दुसरा जगातल्या सर्वांत सक्रिय ज्वालामुखींपैकी एक मानला जातो. सतराव्या शतकापासून त्याचे दीडशेहून जास्त उद्रेक नोंदले गेले आहेत.

ज्वालामुखी तर जगात पुष्कळ आहेत. मराठी माणसाने मुद्दाम हाच का बघावा?

कारण सह्याद्री जिथून आला, ती जागा ही आहे.

पृथ्वीच्या पोटातून वर येणाऱ्या अतितप्त खडकाचा एक स्रोत इथे आहे. भूवैज्ञानिक त्याला तप्तबिंदू म्हणतात. तो जवळपास जागच्या जागी राहतो आणि वरचं भूकवच सरकत जातं. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी भारतीय भूखंड या स्रोतावरून सरकत होता. तेव्हा जमिनीला भेगा पडून लाव्ह्याचे थरावर थर साचले, आणि तेच दख्खनचं पठार झालं, असं बहुतेक भूवैज्ञानिक मानतात. भूखंड उत्तरेकडे निघून गेला. मागे समुद्रात लक्षद्वीप, मालदीव, चागोस अशी बेटांची रांग उमटली, मग मॉरिशस वर आलं, आणि आता तो स्रोत रेयुनियनखाली आहे.

रायगडाचा कडा, वेरूळचं कैलास लेणं, राजगडाची माची हे सगळं ज्या काळ्या बेसॉल्टचं आहे, तोच बेसॉल्ट इथे आजही ताजा तयार होतो. आपल्याकडे गड चढताना ज्या आडव्या पायऱ्यांसारख्या थरांवर पाय ठेवतो, तसा एकेक थर कसा पडतो ते इथे डोळ्यांनी बघता येतं. मला विचाराल तर मॉरिशसच्या सहलीतले दोन दिवस कमी करावेत आणि ते इथे द्यावेत.

एका दिवसात खरंच होतं का?

होतं, आणि निवांत होतं. दक्षिण किनाऱ्यावरच्या सें-पियेरहून कड्यापर्यंत साधारण दीड तास लागतो. राजधानी सें-दनीहून सव्वादोन ते अडीच तास धरा. शिवाय सकाळी शहराभोवती वाहनांची गर्दी असते. त्यामुळे आदल्या रात्रीचा मुक्काम सें-पियेर, ल तांपों किंवा सरळ वरच्या प्लेन दे काफ्र भागात करावा. प्लेन दे काफ्रला सुमारे 1,600 मीटर उंचीवर हिरवी कुरणं, गाईगुरं आणि रात्री चांगलीच थंडी असते. पहाटे निघणाऱ्याला हीच जागा सर्वांत सोयीची.

व्हिसाचं काय? शेंगेन व्हिसा आहे, तो चालेल का?

इथेच बरेच जण फसतात. रेयुनियन फ्रान्समध्ये असलं तरी शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात नाही, त्यामुळे शेंगेन व्हिसा इथे आपोआप लागू होत नाही. फ्रान्सच्या समुद्रापारच्या प्रदेशांसाठीचा व्हिसा वेगळा असतो. भारतीयांसाठीचे नियम वेळोवेळी बदलले आहेत, म्हणून तिकीट काढण्याआधी फ्रान्सच्या अधिकृत व्हिसा संकेतस्थळावर नियम वाचा. मॉरिशसहून एका दिवसासाठी येणार असाल तरी हे टळत नाही.

लायसन्स आणि गाडी?

भारतीय लायसन्ससोबत आपल्या आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना घ्या. तो वर्षभर चालतो. भाड्याच्या गाडीसाठी मुख्य चालकाच्या नावाचं क्रेडिट कार्ड बहुतेक ठिकाणी मागतात, डेबिट कार्डावर अडकू नका. फोर-व्हीलची गरज नाही. कोरड्या हवेत छोटी हॅचबॅक कड्यापर्यंत आरामात जाते.

गाडी ठरवताना दोन गोष्टी मात्र विचारून घ्या. पहिली म्हणजे ती ऑटोमॅटिक आहे का. इथे हातगिअरच्या गाड्या जास्त असतात आणि ऑटोमॅटिक आधी सांगून ठेवावी लागते. दुसरी म्हणजे विम्यात टायर, काचा आणि गाडीचा खालचा भाग येतो का. या रस्त्याचा शेवटचा टप्पा कच्चा आहे आणि नुकसान झालं तर याच तीन ठिकाणी होतं. करारात कच्च्या रस्त्याबद्दल काही अट असेल तर सही करण्याआधी वाचा. स्टेपनीत हवा आहे का, जॅक जागेवर आहे का, हे गाडी ताब्यात घेतानाच बघा. फ्रेंच नियमांप्रमाणे गाडीत पिवळं चमकदार जॅकेट आणि त्रिकोणी फलक असावाच लागतो. तेही तपासा.

रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची सवय नाही. जमेल?

जमेल, पण पहिला सराव या घाटावर करू नका. गाडी आदल्या दिवशी घ्या आणि किनाऱ्यावरच्या रस्त्यांवर तासभर फिरवा. स्टिअरिंग डावीकडे आणि गिअर उजव्या हाताला हे अर्ध्या तासात अंगवळणी पडतं. चौकात डावीकडे वळताना चुकीच्या बाजूला शिरण्याचा धोका मात्र बरेच दिवस राहतो. शेजारी बसणाऱ्याने प्रत्येक वळणावर ‘उजवीकडे’ असं मोठ्याने म्हणायचं, ही युक्ती साधी आहे आणि खरंच उपयोगी पडते.

गोल चौकात आधीपासून फिरत असलेल्या गाडीला पहिला हक्क. फलक नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला वाट द्यायची. मागच्या सीटवरही बेल्ट सक्तीचा आहे.

किती वाजता निघायचं?

सगळ्या सफरीचा कस या एका प्रश्नावर आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

समुद्रावरची दमट हवा सूर्य वर आला की उतारांवरून वर चढायला लागते, थंड होते आणि तिचे ढग होतात. बहुतेक दिवशी सकाळी नऊ-दहाच्या सुमारास हे ढग डोंगराला वेढतात. तुम्ही जेवून निवांत अकरा वाजता कड्यावर पोचलात, तर समोर पांढऱ्या भिंतीपलीकडे काहीही नसण्याची शक्यता मोठी. पहाटे पोचलात तर ढग तुमच्या पायाखाली असतात.

सूर्योदय जुलैत सातच्या थोडा आधी होतो, डिसेंबरात साडेपाचच्या आसपास. सें-पियेरहून हिवाळ्यात पाचला आणि उन्हाळ्यात साडेतीन-चारला निघालात, तर उजेड फुटताना वर पोचता. ध्यानात ठेवा, हे दक्षिण गोलार्धातलं बेट आहे. जून ते ऑगस्ट इथे हिवाळा. घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असतं, त्यामुळे नुकतेच भारतातून आला असाल तर पहाटेचं उठणं जड जात नाही.

रस्ता कसा आहे आणि वाटेत कुठे थांबावं?

सें-पियेरहून ल तांपोंमार्गे एन-3 हा हमरस्ता वर चढतो. या रस्त्यावरच्या वस्त्यांना लोक किलोमीटरच्या आकड्यांनीच ओळखतात, त्यामुळे कुणी ‘चौदावा’ किंवा ‘तेविसावा’ असा पत्ता सांगितला तर गोंधळू नका. सत्ताविसाव्याला बुर-म्युरा हे गाव लागतं. सें-बनुआकडून, म्हणजे पूर्वेकडून येणारेही याच गावात पोचतात. पेट्रोलची टाकी इथवर भरून घ्या, पुढे पंप नाही. पंपावर माणूस येऊन भरून देतो. इंधनाचा दर प्रशासन ठरवतं आणि तो बेटभर सारखाच असतो, म्हणून स्वस्त पंप शोधत हिंडू नका.

बुर-म्युराहून ज्वालामुखीचा वनरस्ता फुटतो. तिथून कड्यापर्यंत साधारण 25 किलोमीटर आणि पाऊण तास. सुरुवातीला कुरणं आहेत, मग झाडं ठेंगणी होत जातात आणि शेवटी उरतं ते फक्त खुरटं झुडूप.

पहिला थांबा ने द बफ. गाडीतून उतरून चार पावलं टाकली की पायाखाली रिव्हियेर दे रांपारची दरी उघडते. जवळपास हजार मीटर सरळ खाली नदीचं पात्र दिसतं. आपल्या कोकणकड्यावर उभं राहिल्यावर पोटात जो खड्डा पडतो, तोच इथेही पडतो. जाताना अंधार असेल तर परतीच्या वाटेवर थांबा, पण हा थांबा गाळू नका.

पुढे कोमेर्सों विवर लागतं. फिलिबेर कोमेर्सों हा फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ 1771 मध्ये या ज्वालामुखीवर आला होता, त्याचं नाव या विवराला दिलं आहे. इथल्या पर्जन्यमापकाने फेब्रुवारी 2007 मध्ये गामेद चक्रीवादळात 72 तासांत 3,930 मिलिमीटर पाऊस मोजला. तो जागतिक विक्रम आहे. मुंबईत वर्षभरात पडतो त्यापेक्षा कितीतरी जास्त पाऊस तीन दिवसांत! विवराच्या काठाशी मुलांचा हात धरून उभे राहा.

मग रस्ता एका कड्यावर येतो आणि समोर प्लेन दे साब्ल पसरलेलं दिसतं. हे एका जुन्या खचलेल्या ज्वालामुखीय खळग्याचं तळमैदान. राखाडी, तपकिरी, गंजल्यासारख्या लाल खडीचं, जवळजवळ निर्जीव. इथे गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा आणि थोडा वेळ काहीच करू नका. या सफरीत मला सर्वांत आवडणारी जागा हीच आहे, शेवटच्या विवरापेक्षाही. सकाळच्या तिरप्या उन्हात छोटे शंकू आणि त्यांच्या लांब सावल्या दिसतात, आणि पुढचा रस्ता त्या मैदानातून एका रेघेसारखा गेलेला असतो.

तो कच्चा टप्पा कसा चालवायचा?

वळणं घेत मैदानात उतरलं की डांबर संपतं. खडी आणि मातीचा रस्ता, पावसानंतर खड्डे आणि आडव्या लाटा. वेग ताशी 20-30 किलोमीटर ठेवा, समोरच्या गाडीपासून अंतर ठेवा म्हणजे धूळ आणि दगड लागणार नाहीत. ब्रेक अचानक दाबू नका. खड्डा चुकवायला मार्ग सोडून खडीवर गाडी घालू नका. तिथली झुडपं आणि शेवाळ उगवायला वर्षानुवर्षं लागतात आणि चाकाची रेघ तितकीच वर्षं दिसते.

तिकीट किती? आधी नोंदणी लागते?

तिकीट नाही, नोंदणी नाही. वाहनतळही फुकट. गाडीत बॅग, पासपोर्ट, लॅपटॉप दिसेल असं ठेवू नका. ही काळजी कुठल्याही निर्जन वाहनतळावर घ्यावी.

वाहनतळावरून चालायचं नसेल तर काही दिसतं का?

पुष्कळ दिसतं. वाहनतळ पा द बेलकोंबला, 2,311 मीटरवर आहे. तिथून काही मिनिटं चाललं की तुम्ही आंक्लो फुकेच्या काठावर उभे असता. आंक्लो म्हणजे सुमारे 8 किलोमीटर रुंदीचा, पूर्वेला समुद्राकडे उघडणारा प्रचंड खळगा. शेवटच्या मोठ्या पडझडीतून तो आजचा झाला, काही हजार वर्षांपूर्वी. तळाशी गोठलेल्या लाव्ह्याचे पट्टे एकावर एक पसरलेले दिसतात. नवे काळेभोर, जुने करडे. समोर मुख्य शंकू. खाली फोर्मिका लेओ हा इवलासा तांबडा शंकू दिसतो, तो 1753 च्या उद्रेकातला.

ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी इथेच थर्मासमधला चहा प्यावा. त्यांची सफर अपुरी राहिली असं मुळीच नाही.

विवरापर्यंत चालत जायचं असेल तर?

जाऊन-येऊन साधारण 12-13 किलोमीटर आणि पाच ते सहा तास धरा. कड्यावरच्या फाटकातून पाचशेहून जास्त पायऱ्या उतरून आंक्लोमध्ये जायचं. मग फोर्मिका लेओ, त्यानंतर शापेल द रोझमों हा पोकळ लाव्हास्तंभ, आणि तिथून मुख्य शंकूचा चढ. शेवटी दोलोमियू विवराच्या काठावर बांधलेला सज्जा.

दोलोमियू सुमारे एक किलोमीटर रुंद आहे. एप्रिल 2007 मध्ये, शतकातल्या मोठ्या उद्रेकांपैकी एक चालू असताना, खालचा लाव्हा वाहून गेल्यामुळे विवराचा तळ काही दिवसांत तीनशे मीटरहून जास्त खचला. काठ अजूनही ढासळतात. सज्जाच्या पुढे, दोरीच्या पलीकडे एक पाऊलही टाकू नये.

वाटेवर खडकांवर पांढऱ्या रंगाचे ठिपके आहेत. एका ठिपक्यावर उभं राहून पुढचा दिसला तरच पुढे जायचं. धुकं उतरलं आणि पुढचा ठिपका दिसेना, तर आहात तिथेच थांबा. आंक्लोमध्ये झाड नाही, ओढा नाही, दिशा कळेल अशी खूण नाही, आणि वाटेपासून पन्नास पावलं गेलेला माणूस परत वाटेवर येईलच असं नाही. एप्रिल 2021 मध्ये उद्रेक बघायला गेलेले दोन तरुण इथे मृत सापडले. हे भीती घालायला सांगत नाही. इथल्या मऊ, सोप्या दिसणाऱ्या चढाने भल्याभल्यांचा अंदाज चुकतो, म्हणून सांगतो.

परत येताना त्याच पायऱ्या चढायच्या असतात, तेही दमलेल्या पायांनी. पाणी आणि ताकद दोन्ही त्यासाठी राखून ठेवा.

पाणी किती न्यायचं?

माणशी किमान दोन लिटर. आंक्लोमध्ये पाण्याचा थेंब मिळत नाही आणि सावलीही नाही.

फाटक बंद असेल तर?

तर आत जायचं नाही, बाजूनेही नाही. ज्वालामुखीवर लक्ष ठेवणारी वेधशाळा बुर-म्युरालाच आहे. 1977 च्या उद्रेकात लाव्हा आंक्लोच्या बाहेर, वस्तीत शिरला. त्यानंतर ती उभारली गेली. भूकंपमापक, जमीन किती फुगली हे मोजणारी यंत्रं, वायूंची मोजणी असं चोवीस तास चालू असतं. मॅग्मा, म्हणजे जमिनीखालचा वितळलेला खडक, वर सरकू लागला की जमिनीखाली छोट्या भूकंपांचा झपाटा सुरू होतो आणि प्रशासन इशारा जाहीर करतं. आधी सावधगिरी, मग उद्रेक जवळ आला की इशारा क्रमांक 1, प्रत्यक्ष उद्रेक झाला की क्रमांक 2. क्रमांक 1 लागताच आंक्लो रिकामा करून फाटक बंद करतात. कधीकधी इशाऱ्यापासून उद्रेकापर्यंत तासभरच मिळतो, म्हणून ही घाई.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी प्रेफेक्चरच्या, म्हणजे बेटाच्या सरकारी प्रशासनाच्या, संकेतस्थळावर इशाऱ्याची सध्याची पातळी बघा. मुक्कामाच्या घरमालकाला विचारलं तरी चालतं. इथे ज्वालामुखी जागा आहे की शांत, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

फाटक बंद, पण गाडीचा रस्ता चालू असेल तर दुसरं काय करता येतं?

पितों द बेर. प्लेन दे साब्लमधल्या फोक-फोकच्या वाहनतळावरून आंक्लोच्या काठाकाठाने जाणारी ही वाट बरीचशी सपाट आहे. जाऊन-येऊन दोन-अडीच तास. उद्रेक आंक्लोच्या दक्षिण भागात असेल तर लाव्हा बघायची सर्वांत चांगली जागा हीच, आणि म्हणून त्या रात्री सगळं बेट इथे लोटतं. उद्रेकाच्या दिवसांत ज्वालामुखीच्या रस्त्यावर गाड्यांच्या रांगा लागतात आणि पोलीस वाहतूक अडवतात किंवा वळवतात. ते सांगतील तसं करा आणि हातात पुष्कळ वेळ ठेवून जा.

लाल लाव्हा दिसेल का?

उद्रेक चालू नसेल तर नाही. दोलोमियूत उकळतं तळं नाही. काठांतून येणारी वाफ, गंधकाचे पिवळे डाग आणि तळाशी गोठलेला काळा लाव्हा दिसतो. हे आधी सांगून ठेवलेलं बरं, कारण लहान मुलं आगीची कल्पना करून येतात. त्यांना खडकांत शोधायला लावा. दोरखंडासारख्या वळ्या पडलेला गुळगुळीत लाव्हा आणि धारदार, खडबडीत ढेकळांचा लाव्हा, दोन्ही इथे पावलापावलाला आहेत. ताज्या थरांवर सर्वांत आधी येणारं राखाडी दगडफूलही दिसेल, झाडाझुडपांचं राज्य त्याच्यापासून सुरू होतं.

उष्ण कटिबंधातलं बेट आहे, मग गरम कपडे कशाला?

किनाऱ्यावर 25 अंश असताना वर पहाटे पाचसुद्धा नसतात, आणि जुलै-ऑगस्टात दहिवर गोठून खडकांवर पांढरी साय धरते. वारा बोचरा असतो. नऊनंतर मात्र त्याच जागी ऊन भाजून काढतं. काळा खडक तापतो आणि या उंचीवर ऊन लवकर चावतं. म्हणून थरांवर थर घाला. आत सुती, मग स्वेटर, वर वारा आणि पाऊस अडवणारं जॅकेट. टोपी, गॉगल, सनस्क्रीन. पायात घट्ट सोलचे बूट. चपला-सँडल घालून आंक्लोत उतरू नका, लाव्हा काचेसारखा कापतो.

उंचीमुळे विरळ हवेचा त्रास होतो का?

2,300 मीटरवर बहुतेकांना काही होत नाही. समुद्रसपाटीवरून दीड तासात वर आल्याने कुणाचं डोकं किंचित जड होतं, चढावर धाप लवकर लागते. हृदयविकार, दमा किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारून जा. स्कूबा डायव्हिंग केलं असेल, तर त्यानंतर किमान 24 तास या उंचीवर येऊ नका. ज्वालामुखी आधी आणि समुद्र नंतर, असा क्रम लावला की प्रश्नच राहत नाही.

घाटात गाडी लागणाऱ्यांनी गोळी निघण्याआधी घ्यावी, वळणं सुरू झाल्यावर नाही.

शाकाहारी माणसाने खायचं काय?

डबा न्या. वर छोटी टपरी असते, पण तिच्या भरवशावर राहू नका. बेकरीत ताजा पाव पहाटेही मिळतो, सुपरमार्केटमधून चीज, फळं, दाणे घ्या. रविवारी दुपारनंतर बरीच दुकानं बंद असतात. इथले छोटे समोसे बेटावर सगळीकडे मिळतात, पण आत बहुतेक मांस किंवा मासे असतात. चीजचे आहेत का ते विचारा. गुजरातमधून आलेल्या मुसलमान व्यापाऱ्यांनी ते इथे आणले. भाज्यांचं पिवळंजर्द ‘आशार’ चाखून बघा, ते आपल्याच लोणच्याचं भावंड. खाली उतरल्यावर साध्या खानावळीत भात, शिजवलेलं कडधान्य, पालेभाजी आणि टोमॅटोची झणझणीत चटणी मिळते. मांस नको असं स्पष्ट सांगितलं की तेवढ्यात जेवण उत्तम होतं.

मुलं आणि आजी-आजोबा बरोबर आहेत.

आजी-आजोबांसाठी ने द बफ, प्लेन दे साब्ल आणि पा द बेलकोंबचा काठ. सगळीकडे गाडी जवळपर्यंत जाते. सात-आठ वर्षांच्या मुलांना फोर्मिका लेओपर्यंत नेता येतं, सव्वा ते दीड तासात परत येता. वाटेत टेक-टेक हा चिमुकला पक्षी हमखास अगदी जवळ येऊन बसतो. तो फक्त याच बेटावर आढळतो. त्याला खाऊ घालू नका. दहा वर्षांखालच्या मुलांनी मागच्या सीटवर, त्यांच्या वयाच्या आसनावर बसावं. ते गाडी ठरवतानाच मागून घ्या.

लाव्ह्याचा एखादा खडा आणला तर चालेल? ड्रोन?

दोन्ही नाही. हा राष्ट्रीय उद्यानाचा गाभा आहे आणि 2010 पासून बेटाचे सुळके, कातळवलयं आणि कडे जागतिक वारसा यादीत आहेत. 

परतताना घाटात धुकं आलं तर?

लो बीम आणि फॉग लाइट लावा, हाय बीम नको, त्याने पांढरा पडदा आणखी दाट होतो. मधल्या रेषेवर डोळा ठेवा. अगदीच दिसेना तर रस्त्यावर उभे न राहता वाहनतळ किंवा रस्त्याकडेची रुंद मोकळी जागा गाठून थांबा. उतारावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनवर गाडी धरा. सतत ब्रेकवर पाय ठेवलात तर तो तापून निकामी होतो. ऑटोमॅटिक गाडीतही खालचा गिअर निवडता येतो, तो कसा ते निघण्यापूर्वी बघून ठेवा.

वर ढगच ढग. दिवस फुकट गेला का?

बुर-म्युरालाच ज्वालामुखी संग्रहालय आहे, सिते द्यु व्होल्कां. मोरिस आणि कात्या क्राफ्ट या फ्रेंच ज्वालामुखीतज्ज्ञ जोडप्याच्या प्रेरणेने ते आकाराला आलं. हे दोघं 1991 मध्ये जपानच्या उनझेन ज्वालामुखीच्या उद्रेकात मरण पावले. सोमवारी जाणार असाल तर आधी वेळ तपासा. खरं म्हणजे आकाश निरभ्र असेल तरीही परतताना दोन तास इथे द्यावेत. सकाळी जे पाहिलं, ते इथे उलगडतं.

कोणता महिना चांगला?

मे ते नोव्हेंबर कोरडा. डिसेंबर ते मार्च पाऊस आणि चक्रीवादळांचा काळ. वादळाचा लाल इशारा लागला की बेटावर कुणीही घराबाहेर पडायचं नसतं. गाडी, सफर सगळं रद्द. या महिन्यांत येणार असाल तर हाताशी एक मोकळा दिवस ठेवा.

मोबाइलला रेंज असते का? काही झालं तर?

रस्त्यावर काही ठिकाणी असते, काही ठिकाणी नसते. नकाशा आधीच उतरवून ठेवा. कोणत्या वाटेने जाणार आणि कधी परतणार, हे मुक्कामाच्या ठिकाणी सांगून निघा. मदतीसाठी 112. इथे फ्रेंच आणि क्रेओल ही स्थानिक बोली चालते, इंग्रजी कमी. त्यामुळे आपल्या जागेचं फ्रेंच नाव कागदावर लिहून जवळ ठेवा.

त्याच दिवशी खालचा लाव्ह्याचा किनाराही बघता येईल?

विवरापर्यंत चालणार नसाल तर येईल. बुर-म्युराहून प्लेन दे पाल्मिस्तमार्गे सें-बनुआला उतरा आणि एन-2 ने दक्षिणेकडे वळा. पितों-सेंत-रोझला 1977 चा लाव्हा चर्चच्या दारापर्यंत आला आणि दोन्ही बाजूंनी वळून पुढे गेला. तो आजही तसाच दिसतो. पुढे ग्रां ब्रुले, म्हणजे सकाळी वरून पाहिलेल्या आंक्लोचं समुद्राकडचं तोंड. इथे रस्ता थेट लाव्ह्याच्या थरांवरून जातो आणि कडेच्या पाट्यांवर त्या त्या उद्रेकाचं वर्ष लिहिलेलं असतं. 2007 च्या थराने हा रस्ता गाडून टाकला होता, नवा रस्ता त्याच्यावरून बांधला.

विवर चालून आला असाल तर हा किनारा दुसऱ्या दिवसावर ठेवा. सहा तास लाव्ह्यावर चाललेल्या माणसाने संध्याकाळी आणखी तीन तास स्टिअरिंग धरू नये.